उसना गडी

मॅचचं शेवटचं मिनिट इंगळे सरांनी जन्मात कधी पाहिलं नाही. हे ऐकून लोक हसतात, कारण सर आमच्या शाळेत खेळाचेच शिक्षक होते. पण खरं आहे. मॅच अटीतटीला आली की सर मैदानाकडे पाठ करायचे आणि बघणाऱ्यांची तोंडं बघत उभे राहायचे. कोण नखं खातंय, कोणाचा श्वास अडकलाय, कोण हळूच चपला शोधायला लागलंय, यावरून त्यांना निकाल कळायचा. "मैदानात पाह्यलं की माह्ये हातपाय गार पडतात, म्याडम," ते म्हणायचे. "तोंडं पाह्यलेली बरी."

मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. मलकापुरात आमची घरंही शेजारी, मधे एक भिंत आणि भिंतीवर त्यांच्या घरचा कारल्याचा वेल. सर मूळचे वडनेर भोलजीचे. नोकरीसाठी मलकापुरात आले, घर बांधलं, पण "आमच्या गावाले" म्हटलं की ते वडनेरच. माझी जीभ तिखट आहे हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सरांवर ती जरा जास्तच चालायची, कारण असा घाबरट मास्तर मी दुसरा पाहिला नव्हता. त्यांच्या पँटच्या खिशात चिकटपट्टी, हळदीची पुडी, तुरटीचा खडा आणि बुटाची जादा नाडी कायम असे. पोरांना घेऊन स्पर्धेला निघाले की एसटीत चढताना डोकी मोजायचे, बसल्यावर मोजायचे आणि गाडी फाट्यावर थांबली की पुन्हा मोजायचे. मधल्या वेळात कोणी खिडकीतून उडून जाणार होतं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "जात नाई. पण गेलं त?"



मैदानावर त्यांची दोन वाक्यं होती. पहिलं, "आधी पाय, मंग पॉइंट." एका तालुका स्पर्धेत आमचा सगळ्यात चांगला पोरगा घोटा सुजलेला असताना उतरायला तयार होता. मुख्याध्यापक तयार होते. पोराचा बापही तयार होता. सरांनी पोराला खाली बसवलं, त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि मॅच संपेपर्यंत सोडलाच नाही. आम्ही हरलो. मुख्याध्यापक बरेच दिवस त्यांच्याशी तुटक बोलत होते, आणि सर त्या बोलण्याला इतके घाबरायचे की स्टाफरूममध्ये मागच्या दाराने यायचे. पण पोराचा पाय सोडला नव्हता, ही गोष्ट मी तेव्हा मनात ठेवून घेतली.

दुसरं वाक्य, "हारणाऱ्याले चहा आधी." त्यांच्या सगळ्या सामन्यांत हा रिवाज होता. मॅच संपली की ॲल्युमिनियमची किटली घेऊन सर आधी हरलेल्या टीमकडे जायचे. मग जिंकलेल्यांकडे, मग पंचांकडे. स्वतः सगळ्यात शेवटी, तळाचा गाळ आलेला चहा. घरीसुद्धा तसंच. वनिताताई, म्हणजे त्यांच्या बायको, कप घेऊन आल्या की सर आधी आलेल्या माणसाकडे बोट दाखवायचे. मला पहिला कप मिळायचा तेव्हा मी म्हणायचे, "सर, मी आज काय हरले?" ते म्हणायचे, "म्याडम, तुमी पाव्हण्या."

तर सामने म्हणजे कोणते, ते सांगते. सर तरुण असताना त्यांनी वडनेरला पाच गावांची कबड्डीची लीग सुरू केली होती. वडनेर, पिंपळगाव राजा, टाकळी आणि आणखी दोन गावं. दिवाळीनंतर दर रविवारी एकेका गावात मॅच. प्रत्येक गाव प्रत्येकाशी खेळणार, एकदा हरलं म्हणून घरी बसणार नाही. हे त्यांना फार महत्त्वाचं वाटायचं. "एकदा हारला की घरी जा, ह्याच्यात शिकणं कुठी आहे?" असं म्हणायचे.

यातली टाकळी सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमजोर. एका वर्षी टाकळीची दोनतीन पोरं कामधंद्याला बाहेर गेली आणि टाकळीने निरोप पाठवला की आमची टीम होत नाही, आम्हाला सोडा. सरांची झोप उडाली. ते लुनावर टाकळीला गेले आणि म्हणाले, आमचा सुनील घेऊन जा. सुनील वडनेरचा सगळ्यात तेज गडी. चढाईला गेला की हात लावून परत येणारच. असा उसना गडी द्यायचा रिवाज सरांनीच पाडला होता. आधी एकदोनदा दिले होते, पण बेताचे. या वेळी लीग वाचवायच्या घाईत त्यांनी घरातला हिराच दिला.

आणि शेवटची मॅच आली टाकळी विरुद्ध वडनेर. वडनेरच्याच मैदानावर.

पुढचं सरांनी मला एकदाच सांगितलं, भिंतीपलीकडून, वेलाची पानं खुडत. सुनीलने शेवटच्या चढाईत आपल्याच गावाचे तीन गडी बाद केले. सरांनी अर्थातच पाठ केलेली होती. त्यांनी बघितली ती गावाची तोंडं. "कोणी ओरडलं नाई, म्याडम. तेच वंगाळ झालं." किटली घेऊन ते आधी वडनेरच्या पोरांकडे गेले, कारण हरलेले तेच. एकाही पोराने कप हातात घेतला नाही.

सुनीलला कोणी मारलं नाही की शिवी दिली नाही. फक्त बोलणं बंद झालं. सलूनमध्ये तो आला की गप्पा थांबायच्या. होळीपर्यंत तो सुरतेला निघून गेला, तो तिकडचाच झाला. आणि पुढच्या दिवाळीला वडनेरनेच टीम दिली नाही. आमचेच गडी देऊन आम्हालाच पाडता, म्हणाले. वडनेर नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला यायचं? पाच गावांची लीग तिथंच संपली.

"टाकळीले वाचवता वाचवता म्या वडनेर मारलं," सर म्हणाले. "लीग हारल्यानं मरत नाई, म्याडम. कोणी आलंच नाई, की मरते."

इतक्या वर्षांनी हे दुखणं पुन्हा वर आलं ते त्यांच्या मुलीमुळे. प्रज्ञा माझ्या वर्गात होती. शांत, हट्टी, बापासारखे दुसऱ्याचे पाय बघणारी. फिजिओथेरपी शिकली, पुढच्या शिक्षणाला परदेशात गेली आणि तिकडेच एका आईस हॉकीच्या क्लबमध्ये खेळाडूंचे गुडघे-खांदे सांभाळायच्या नोकरीला लागली. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रज्ञाला विचारलेलं नाही. बाल्टिक समुद्राकाठी आहे एवढं पुरे. विदर्भात दोन मावतील असा देश. मी सरांना नकाशावर बोट ठेवून दाखवला, तेव्हा ते वाकून बघत म्हणाले, "बोटाखालीच गेला की हो सारा."

त्या दिवसापासून सरांना नवीन धसका मिळाला. आधी बर्फाचा. पोरगी घसरून पडली तर? मग त्या खेळाचा. चेंडूच नाही, काळी रबराची चकती, ती गोळीसारखी सुटते. कोणाला लागली तर? मग हळूहळू त्यांना खेळ कळायला लागला, आणि कळला तसा आवडायला लागला. चूक करणाऱ्या गड्याला दोन मिनिटं बाहेर पेटीत बसवतात आणि मग परत आत घेतात, हे पाहून तर ते खूशच झाले. "आपल्या कबड्डीसारखंच की. बाद झाला म्हणून मेला नाई."

खेळ आवडला तसा त्या देशाच्या लीगचा सगळा इतिहास त्यांनी प्रज्ञाला विचारून, मोबाईलवर भाषांतर करून वाचून डोक्यात भरला. आणि एकदा स्नेहसंमेलनाचा मंडप मैदानावर पडल्यामुळे खेळाचा तास वर्गात घ्यावा लागला, तर या गृहस्थांनी नववीच्या पोरांना तो शिकवला. मलकापूरच्या शाळेत, ज्या पोरांनी बर्फ पाहिला तो रसवंतीवरचा. मी व्हरांड्यात उभी राहून ऐकत होते.

"पहिले तळं गोठे, त्याच्यावर पोट्टे खेळत," सर सांगत होते. शिकवताना ते प्रमाण मराठीत सुरू करायचे आणि चौथ्या वाक्याला घरी यायचे. "मंग टीमा झाल्या, लीग झाली. मंग लढाई लागली. खेळणारेच लढाईवर गेले, कोणासोबत खेळता? मंग दुसऱ्याचं राज्य आलं, त्याहिच्या मोठ्या लीगच्या पोटात यांची लहान लीग गेली. मंग ते राज्य गेलं, लीग परत उठली. गावोगावचे कारखाने टीम ठेवत. कारखाना बंद पडला की टीम बंद. काही वर्षी त टीमाच पुरल्या नाई, त शेजारच्या देशातून बोलावल्या, पण लीग केली."

एका मुलीने विचारलं, "सर, मग जिंकलं कोण?"

"ते नको विचारू. विचार, त्या साली लीग झाली का?"

पोरांना काय कळलं देव जाणे. मला मात्र कळलं की माणूस धीर गोळा करतोय. कारण आता त्या लीगमध्ये चारच टीमा उरल्या होत्या आणि त्यातली सगळ्यात कमजोर प्रज्ञाची. ती गेली की तीन राहणार, आणि तिघांत कसली लीग? आणि क्लब गेला की प्रज्ञाची नोकरी गेली. नोकरी गेली की तिथं राहायची परवानगी गेली.

वनिताताईंना यात काहीच वाईट दिसत नव्हतं. "बुडू द्या न तो क्लब," त्या माझ्यासमोरच म्हणायच्या. "बर्फावर कोणाचं भलं झालं? पोरगी घरी तरी येईन. अकोल्याले दवाखाना टाकू."

मलाही ते पटायचं. मी म्हटलं, "सर, खरंच, तुम्ही कशाला जीव काढता? क्लब बुडला तर तुमचाच फायदा."

सर दाराची कडी वरखाली करायला लागले. "पोरगी घरी यावी हे मले वाटत नाई का, म्याडम? पण मॅच न होता घरी येणारी टीम तुमी पाह्यली नाई. म्या पाह्यली आहे. ते पोट्टे मंग कुठीच येत नाई."

दर शनिवारी संध्याकाळी, तिकडे दुपार असताना, मॅच मोबाईलवर दिसायची. सर तो मोबाईल टीव्हीच्या स्टुलावर डब्याला टेकवून ठेवायचे. मला बोलावणं असायचंच, कारण शेवटच्या मिनिटाला बघायला त्यांना एक तोंड लागायचं. वनिताताई स्वयंपाकघरातून कान देऊन असायच्या आणि प्रज्ञाची टीम हरली की जोरात भांडी लावायच्या. रागाने की आनंदाने, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग फेब्रुवारीत प्रज्ञाचा फोन आला. मी तिथेच होते. सर फोन कायम स्पीकरवर ठेवायचे, एकट्याने वाईट बातमी ऐकायची त्यांची छाती नव्हती.

"पप्पा, आमच्या गोलकीपरचा गुडघा गेला," प्रज्ञा म्हणाली. "दुसरा गोलकीपर नाही आमच्याकडे. पट्टी बांधून उतरव म्हणत होते सगळे. तो स्वतःही म्हणत होता. मी नाही म्हटलं."

सर खुर्चीवर बसले. त्यांना मी घरात बसलेलं फार कमी पाहिलंय.

"मग?"

"मग काय. गोलकीपर नसेल तर उरलेल्या मॅचेस सोडाव्या लागतील. मॅच सोडली की पुढच्या वर्षी क्लबला घेणार नाहीत. सगळे माझ्याकडे बघतात, पप्पा. बोलत कोणी नाही."

बोलत कोणी नाही, हे ऐकल्यावर सरांचा चेहरा असा उतरला की मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी घेतला नाही. "तू बराबर केलं," ते म्हणाले. "आधी पाय, मंग..."

"मी एक विचारलंय," प्रज्ञा म्हणाली. "पहिल्या नंबरचा जो क्लब आहे, त्यांचा दुसरा गोलकीपर बाकावर बसून असतो. त्याला उसना द्या म्हणून मीच बोलले. तुम्ही द्यायचे न पोरं उसनी? त्यांचीही गरज आहे, आम्ही गेलो तर ते खेळतील कोणाशी? ते हो म्हणतायत."

मला वाटलं, सुटला तिढा. पण सर ताडकन उठले.

"नको बेटा. थांब. शेवटची मॅच कोणाशी आहे?"

"त्यांच्याशीच."

"त्या मॅचले त्या पोट्ट्याले उतरवू नको. ऐकून राह्यली न? बाकीच्या खेळू दे. पण त्याच्याच गावासमोर त्याले उभा करू नको. जिंकला तरी मरते, हारला तरी मरते."

"पप्पा, मग त्या मॅचला गोलमध्ये कोण उभं राहील?"

"कोणी बी. म्हातारा असन, पोट्टं असन. वीस गोल खा. पण मॅच खेळा."

फोन ठेवल्यावर सर अंगणात येरझारा घालत राहिले. घरामागच्या रुळांवरून मालगाडी गेली, ती संपेपर्यंत थांबले आणि मग मला म्हणाले, "सुनीलच्या वक्ती हे काऊन नाई सुचलं, म्याडम?" मी म्हटलं, "तेव्हा तुम्हाला सांगणारा कोणी बाप नव्हता." तिखट जीभ अशा वेळी कुठे जाते कोण जाणे.

त्यानंतरचे आठवडे आम्हा दोन्ही घरांत धाकधूक. उसना गोलकीपर आला, चांगला खेळला, एक मॅच तर जिंकून दिली. सर त्याला "जावईबापू" म्हणायचे, कारण पाहुणा होता. आणि शेवटच्या शनिवारी तो गोलमध्ये उतरला नाही. त्याच्या जागी उभा राहिला एक पन्नाशीचा माणूस. शाळेची बस चालवतो, तरुणपणी गोलकीपर होता, असं प्रज्ञाने सांगितलं होतं. गुडघ्याएवढ्या जाड गाद्या पायाला बांधून तो बिचारा उभा होता आणि चकत्या त्याच्या आजूबाजूने जात होत्या.

पहिल्या डावात पाच गोल झाले. सर उभेच. दुसऱ्या डावात मी मोजणं सोडलं. वनिताताई पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तिसरा डाव सुरू झाला तसे सर सवयीने फिरले आणि मोबाईलकडे पाठ करून माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

एवढ्या मोठ्या फरकाने हरणाऱ्या मॅचला पाठ कशाला करायची? पण त्यांना भीती हरण्याची नव्हतीच. आपली पोरं वैतागून मधेच मैदान सोडतील, ही होती. एकदा प्रज्ञाच्या टीमचा एक खेळाडू काठी आपटून बाहेर आलाही. माझं तोंड बदललं असावं, कारण सर एकदम म्हणाले, "गेले का?"

"नाही. बसलाय बाहेर. पेटीत."

"परत जाईन?"

"थांबा जरा."

"म्याडम, परत गेला का?"

"गेला. गेला आत."

वनिताताईंनी सुस्कारा सोडला. त्या आता कोणाच्या बाजूने होत्या, मला कळेना.

इथे एक सांगून टाकते. त्याच उन्हाळ्यात सर गेले. सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा आखताना छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. प्रज्ञा पोचली तेव्हा दुसरा दिवस मावळत आला होता, सगळं उरकलं होतं. सुरतेहून सुनील आला होता, टक्कल पडलेला, कोणाशी न बोलता खुर्च्या लावत होता. त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाही. सर म्हटले की मला तो दिवस आठवतच नाही. आठवतो तो हा शनिवार.

भोंगा वाजला. मोबाईलमधून बारीक आवाज आला, तरी सर दचकले.

"संपली?"

"संपली."

"पूर्ण झाली? मधातून नाई सोडली?"

"पूर्ण झाली सर. चौदा-एक."

"एक केला? एक कोणं केला?"

मग ते वळले. दोन्ही टीमा रांगेने एकमेकांशी हात मिळवत होत्या. काठाला, जाड जॅकेटात ओळखू न येणारी प्रज्ञा त्या बसवाल्याच्या पायाच्या गाद्यांचे पट्टे सोडत होती. त्याने काहीतरी म्हटलं आणि ती हसली. सगळे तिच्याशी बोलत होते. एकाने तिच्या पाठीवर थाप मारली.

सर डोळे न मिचकावता बघत होते. लीग राहिली. क्लब राहिला. पोरगी तिकडेच राहिली.

वनिताताई आत गेल्या. कपांचा आवाज आला. ट्रे घेऊन आल्या आणि रोजच्यासारखा पहिला कप त्यांनी माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला, तेवढ्यात सर म्हणाले, "थांब. आज मले आधी दे."

वनिताताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी कप सरांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला, आणि वनिताताईंनी तो कप त्यांच्या हातातून घेऊन उरलेला अर्धा चहा स्वतः प्यायला.

"मी बी हारलीच न," त्या म्हणाल्या.

मला त्या घरात पहिल्यांदाच चहा शेवटी मिळाला.